भोके कुणी पाडली?

विक्रोळीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती योग्यच आहे. पत्र चार पानांचे आहे, पण मुद्दा थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातील त्यांच्या गावी, बौद्धवाडीत, घराच्या मागच्या पडवीला लागून हापूसचे एक कलम आहे. सासरे गिरणीत होते. पहिल्या बोनसमधून त्यांनी ते कलम आणून लावले आणि सुट्टीला गावी आले की आधी झाडाला पाणी, मग स्वतःला चहा, असा त्यांचा नेम होता. सासरे गेले, झाड राहिले. गेली दोन वर्षे त्या झाडाची एकेक फांदी वाळत चालली आहे. पावसाळ्यानंतर यजमान गावी गेले तेव्हा बुंध्याला तीन-चार गोल भोके दिसली, अगदी गिरमिटाने पाडावीत तशी.

शेजारच्या घरात चुलत दीर राहतात. ते एका बागायतदाराच्या बागेत कामाला आहेत, त्यामुळे झाडांची त्यांना माहिती आहे. हद्दीवरून दोन्ही घरांत जुने बोलणे आहे. मग शंका कोणावर जाणार? त्यांनीच भोके पाडून आत हिंग भरला, असे यजमानांनी ठरवून टाकले आहे. मे महिन्यात गावी जाऊन पोलिसात तक्रार द्यायची आहे. पत्राच्या शेवटी भगिनींनी विचारले आहे, "तक्रारीत झाडाची किंमत किती लिहावी?"

ताई, किमतीचे उत्तर माझ्याजवळ नाही. पण तक्रार लिहिण्याआधी हा लेख यजमानांना वाचून दाखवा. वाचायला ते तयार नसतील तर जेवताना दाखवा, तोंडात घास असला की माणूस निदान ऐकतो.

हे मी अधिकाराने सांगत आहे, कारण अशाच भोकांनी आमच्या घराची पाच वर्षे खाल्ली. १९८६ साली आमच्या गावच्या रायवळ आंब्याची एक फांदी वाळली. झाड जुने, आजोबांच्या वेळचे. आंबटगोड, रेषाळ फळ. पण त्याच्या फणीची साठे आणि लोणचे सगळ्या वाडीला पुरत असे. पुढच्या वर्षी दुसरी फांदी गेली आणि बुंध्याला भोक दिसले. माझा एक चुलत भाऊ सुतारकाम करीत असे. त्याच्या पेटीत गिरमिट होते. वाडीत दुसऱ्या कोणाकडे गिरमिट नव्हते. एवढा पुरावा माझ्या वडिलांना पुरला. खोडात हिंग किंवा पारा भरला की झाड मरते, हा समज तर गावोगाव आहेच. कोणी म्हणाले, हिंग. कोणी म्हणाले, करणी. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो लावून करणी-भानामतीला उंबऱ्याबाहेर काढले होते, त्याच घरात ती झाडाच्या भोकातून परत आली. १९८८ साली माझ्या बहिणीचे लग्न झाले, तेव्हा चुलत्यांच्या घरातील एकही माणूस मांडवात नव्हते. चुलती आजारी पडून वारली, तेव्हा माझी आई रात्री मागच्या दाराने जाऊन आली, वडिलांना न सांगता.

१९९१ च्या मे महिन्यात झाड निम्मे हिरवे आणि निम्मे वाळलेले उभे होते. पावसात घरावर पडेल म्हणून तोडायला घेतले. तोडणाऱ्याने बुंधा फोडला आणि आम्हाला हाक मारली. आत बोट जाईल एवढी भुयारे, वेडीवाकडी, एकात एक गेलेली, भुश्याने गच्च भरलेली. एका भुयारात पिवळट पांढरी, माझ्या मधल्या बोटापेक्षा लांब आणि जाड अळी वळवळत होती. तोंड काळपट, अंगाला वळ्या, पाय जवळजवळ नाहीतच. तोडणारा म्हणाला, "ह्यो भिरूड हाय दादा. चार-पाच वर्षं तरी खातोय." वडील काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी भुयारे दिसत होती तो ओंडक्याचा तुकडा खांद्यावर घेतला आणि चुलत्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. चुलत भाऊ बाहेर आला. भोकात बोट घालून त्याने ते कुठवर वळते ते पाहिले आणि म्हणाला, "काका, माझं गिरमिट सरळ जातं. असं वळणारं गिरमिट मिळालं असतं तर मी मुंबईत मोठा मिस्त्री झालो असतो." सगळे हसले, वडील सोडून.

तर हा भिरूड कोण, ते पाहू.

लांब मिशांच्या भुंग्यांचे एक मोठे कुळ आहे. जगभरात त्याच्या ३० हजारांहून अधिक जाती आहेत. मिशा, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शिका, पुष्कळदा अंगापेक्षा लांब असतात, विशेषतः नरांच्या. आंब्याचा भिरूड याच कुळातला. शास्त्रज्ञ त्याला बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा म्हणतात. भुंगा चांगला दोन इंचांपर्यंत लांब, रंगाने राखी-तपकिरी, पाठीवर पिवळसर ठिपके आणि मानेच्या जागी दोन तांबूस-नारिंगी डाग. पकडला तर कुर्र-कुर्र आवाज करतो. तो आवाज तोंडाचा नव्हे, मानेचा भाग मागेपुढे घासून काढलेला असतो. पावसाच्या सुरुवातीला रात्री दिव्यावर येतो. लहानपणी आपण त्याला दोरा बांधून फिरवला असेल. हाच तो झाडाचा वैरी, हे तेव्हा कोणी सांगितले नाही.

खरे तर भुंगा फारसे नुकसान करीत नाही. कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतो, एवढेच. नुकसान करते ती त्याची अळी. मादी आपल्या जबड्याने बुंध्याच्या किंवा जाड फांदीच्या सालीला छोटी चीर पाडते आणि तीत एक अंडे घालते. मग दुसरी चीर, दुसरे अंडे. अशी ती शे-दोनशेपर्यंत अंडी घालू शकते. आठ-पंधरा दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि सालीखाली शिरते. पुढचे कित्येक महिने ती खाण्याखेरीज दुसरे काम करीत नाही. पूर्ण वाढलेली अळी तीन-चार इंच होते. मग ती लाकडात खोल जाऊन कोष करते, कोषातून भुंगा तयार होतो आणि तो साल फोडून बाहेर पडतो. ते गोल भोक त्याच्या बाहेर पडण्याचे असते. म्हणजे तुमच्या यजमानांनी पाहिलेले मोठे भोक हे चोर आत शिरल्याचे नसून चोर चोरी करून निघून गेल्याचे असेल. आत अजून किती आहेत हे मात्र भोके मोजून कळत नाही.

आता एवढीशी अळी एवढे झाड कसे मारते? झाडाचे जिवंतपण सगळे सालीच्या लगत असते. मधला गाभा टणक असला तरी तो बहुतांशी आधारापुरता. सालीच्या आतल्या थरातून पानांनी तयार केलेले अन्न खाली मुळांकडे जाते आणि त्याला लागून असलेल्या ओल्या लाकडातून पाणी वर चढते. चाळीच्या नळाची मुख्य पाइपलाइन भिंतीच्या आत नसून गिलाव्याखालीच असावी, तसे हे आहे. अळी नेमकी तिथे पोखरते. एका बाजूला पोखरले तर त्या बाजूची फांदी पिवळी पडते, पाने गाळते, शेंड्याकडून वाळत येते. गोल फिरून सबंध वेढा पूर्ण झाला की वरचा सगळा भाग मेला. म्हणूनच एकेक फांदी जाते. हिंग किंवा विष कोणी भरले असते तर असे पाळीपाळीने कशाला मेले असते?

माणसावर संशय घेण्याची सवय आपल्याच वाडीत आहे असे समजू नका. १९९६ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरातील ब्रुकलिन भागात, ग्रीनपॉइंट नावाच्या वस्तीत रस्त्याकडेच्या मेपल झाडांना गोल गोल भोके दिसू लागली. तिथल्या एका रहिवाशाला वाटले, मोहल्ल्यातील उनाड पोरे ड्रिल मशीनने झाडे खराब करीत आहेत. चौकशी झाली तेव्हा पोरे निर्दोष निघाली. भोके पाडणारा होता आशियातील लांब मिशांचा भुंगा : काळा कुळकुळीत, अंगावर पांढरे ठिपके, मिशांवर काळेपांढरे पट्टे. हा मूळचा चीन आणि कोरियाकडचा. तो मालाच्या लाकडी खोक्यांतून, अळीच्या रूपात लपून आला होता. चीनमध्ये वाळूचे वादळ अडवण्यासाठी लांबच लांब पट्ट्यांत एकाच जातीची पॉप्लरची झाडे लावली होती. एकच अन्न, मैलोगणती. त्याची तिथे चंगळ झाली, आणि त्याच पोखरलेल्या लाकडाची खोकी जगभर गेली.

ग्रीनपॉइंटनंतर १९९८ साली तो शिकागोत सापडला, २००३ साली कॅनडातील टोरांटोजवळ, २००८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहरात, २०१२ साली इंग्लंडच्या केंट परगण्यात. वूस्टरमध्ये तो पहिल्यांदा ओळखला तो कोणा साहेबाने नव्हे, तर आपल्या अंगणात बसलेल्या एका रहिवासी बाईने. तोवर तो तिथे कित्येक वर्षे राहत होता. एकट्या वूस्टर परिसरात ३० हजारांहून अधिक झाडे तोडावी लागली. घराघरासमोरची सावली गेली. लागण झालेले झाड तोडायचे, त्याचा चुरा करायचा, भोवतालची झाडे वर्षानुवर्षे तपासायची, असा तो कार्यक्रम. ब्रुकलिन आणि त्याशेजारचा क्वीन्स भाग भुंगामुक्त झाला असे सरकारने जाहीर केले ते २०१९ साली. तेवीस वर्षे लागली. आणि हे पैसेवाल्या देशात.

आपल्या वाचकांपैकी जे न्हावाशेव्याला, भिवंडीच्या गोदामांत किंवा एमआयडीसीत हमाली, पॅकिंग, फोर्कलिफ्टचे काम करतात, त्यांनी या गोष्टीचा एक पुरावा रोज हाताळलेला आहे. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या मालाखालच्या लाकडी पॅलेटवर जळका शिक्का असतो : एका चौकटीत गव्हाच्या ओंबीसारखे चिन्ह, बाजूला आयपीपीसी ही अक्षरे, देशाची खूण (आपल्या देशाची आयएन) आणि बहुधा एचटी. एचटी म्हणजे हे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवले आहे, आतली अळी मेली आहे. २००२ साली जगातील देशांनी मिळून हा नियम ठरवला. त्याला कारण झालेल्या किडींत हा भुंगा मोठा होता. आता पुढच्या वेळी पॅलेट उचलाल तेव्हा तो शिक्का पाहा. घरी दिवाण किंवा मांडणी करायला जुन्या पॅलेटची लाकडे कोणी आणीत असेल, तर शिक्क्याचे लाकूड निवडा. मात्र त्यावर रसायनाचे डाग किंवा वास असेल तर ते घरात आणू नका.

या कुळातल्या आणखी एका भुंग्याबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण त्याचे झाड आपल्या ओळखीचे आहे. तथागतांचे महापरिनिर्वाण कुशीनाऱ्याला ज्या जोडवृक्षांमध्ये झाले, ते शालवृक्ष. आपल्याकडे कोकणात हे झाड नाही. ते मध्य प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, ओडिशा, तराई अशा भागात रानेच्या राने भरून असते. त्याच्या गाभ्याला पोखरणारा लांब मिशांचा भुंगा आहे. निरोगी शालवृक्षावर अळ्या पडल्या तर झाड आपल्या राळेत त्यांना बुडवून मारते. दोन-चार आल्या तर झाड जिंकते, शेकड्यांनी आल्या तर हरते. १९२० च्या दशकात मंडल्याच्या जंगलात अशी मोठी साथ आली होती. पुन्हा १९९७-९८ च्या सुमाराला मंडला, दिंडोरी, अमरकंटक भागात ती आली आणि लाखो झाडांना लागण झाली. त्या वेळी किती झाडे तोडायची, कोणती तोडायची, किडीच्या नावाखाली चांगली झाडेही जातात काय, यावर मोठा वाद झाला.

तिथल्या उपायात मात्र एक गंमत आहे. हा भुंगा ताज्या तुटलेल्या शालाच्या रसावर वेडा असतो. पावसाळ्यात काही झाडे मुद्दाम पाडतात, त्यांचे ओंडके करून साल ठेचतात आणि रानात ठेवतात. भुंगे रस प्यायला जमतात आणि प्यालेल्या माणसासारखे सुस्त होऊन पडतात. मग गोंड, बैगा अशा आदिवासी वस्त्यांतील लोक ते गोळा करतात आणि वनखाते भुंग्यांच्या नगावर मजुरी देते. पुरावा म्हणून भुंग्याचे डोके मोडून द्यायचे. मोठमोठ्या साहेबांना जमले नाही ते रान वाचवण्याचे काम पावसात भिजत या लोकांनी केले, डोक्यांच्या हिशेबाने.

आपल्या आंब्याला असा सापळा नाही. आपल्याकडे उपाय तो डोळ्यांचा. आणि तो डोळा बहुतेक वेळा झाडाखाली झाडू मारणाऱ्या बाईचा असतो. फांदी वाळते ती शेवटची खूण. पहिली खूण बुंध्याशी पडते : लाकडाचा ओलसर, तंतूमय भुसा. अळी खाते आणि घाण बाहेर ढकलते. कधी भोकाशी तो भुसा लोंबतो, कधी चीक गळून काळा डाग पडतो. रोज अंगण झाडणारी सून हा भुसा पाल्याबरोबर उकिरड्यावर टाकते आणि त्याच्याबरोबर बातमीही टाकते. बागांतून रोजंदारीवर गवत काढणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना तो बागायतदाराच्या आधी दिसतो. त्यांना कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

ताई, तुमच्या घरचा संशय फिटावा म्हणून एक साधी परीक्षा सांगतो. संध्याकाळी बुंध्याभोवतीची जागा स्वच्छ झाडा. भोकांत अडकलेला भुसा काडीने काढा. बुंध्याशी हे आपले साप्ताहिक पसरा, वाचून झालेला अंक चालेल, आणि चार दगड ठेवा. असे तीन दिवस करा. कागदावर पुन्हा ताजा भुसा पडला तर आत अळी जिवंत आहे. रोज रात्री येऊन गिरमिट फिरवण्याएवढी फुरसत कोणत्याही चुलत दिराला नसते. दुसरी परीक्षा तारेची. सायकलच्या चाकाची जुनी तार घ्या, टोक किंचित वाकवून आकडा करा आणि भोकात सरकवा. गिरमिटाचे भोक सरळ जाते आणि एका जागी संपते. अळीचे भुयार वळते, वर चढते, बाजूला जाते. ही तार यजमानांच्याच हातात द्या, तुमच्या नको. दुसऱ्याने दाखवलेले माणूस मानत नाही, हे आमच्या वडिलांवरून सांगतो.

तार हातात आहे तोच उपायही उरकून घ्यावा. भोकाभोवतीची पोकळ वाजणारी साल कोयत्याच्या टोकाने किंवा पटाशीने हलकेच काढायची. चांगल्या सालीला धक्का लावायचा नाही. आकडा भुयारात फिरवून अळी ओढून काढायची. ती निघाली नाही तर आतच टोचायची. तारेच्या टोकाला पांढरा पातळ चिकटा आला की समजावे, काम झाले. मग कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये भिजवून आत खोल सारायचा आणि भोक चिखलाने घट्ट लिंपायचे. पूर्वी रॉकेल वापरीत, आता रेशनवर रॉकेल मिळणे मुश्कील झाले आहे. पेट्रोल घेतले की विडी-काडी दूर ठेवायची आणि पोरांना जवळ येऊ द्यायचे नाही. आठ दिवसांनी पुन्हा कागद पसरायचा. भुसा आला तर पुन्हा तेच करायचे. एकदा करून सुटका होत नाही, निदान एक वर्षभर लक्ष ठेवावे लागते.

जुन्या पत्रकांत भोकांत ओतण्यासाठी बीएचसी किंवा नुवान लिहिलेले सापडेल. बीएचसीवर १९९७ साली बंदी आली आणि नुवान, म्हणजे डायक्लोरव्हॉस, २०२० च्या अखेरीस बंद झाले. कोणाच्या माळ्यावर जुनी बाटली असली तरी ती वापरू नये. ते विष झाडापेक्षा माणसाला लवकर लागते, आणि फवारणारा हात बहुधा आपलाच असतो. दुसरे औषध हवे असेल तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठात भुश्याचा आणि भोकाचा फोटो दाखवून विचारावे. अळी बाटलीत घालून नेली तर आणखी उत्तम. साहेबालाही बरे वाटते.

वाळलेल्या फांद्या पावसाआधी कापून टाका. कापताना थोडा हिरवा भाग घेऊनच कापा. पण मग लाकडे पडवीत रचून ठेवू नका. ही चूक आम्ही केली होती. ओंडक्यात राहिलेली अळी आपली वाढ तिथेच पुरी करते आणि पुढच्या पावसात भुंगा होऊन निघते. आमच्याकडे १९९२ च्या जूनमध्ये लाकडांच्या माचेतून तीन भुंगे निघाले आणि शेजारच्या फणसावर गेले. फणस, अंजीर, सावर ही झाडेसुद्धा त्याला चालतात. म्हणून पोखरलेले लाकूड उन्हाळ्यातच चुलीत घालावे. बुंध्याशी गवत आणि पाचोळ्याचा ढीग ठेवू नये. कपडे वाळवायची दोरी बांधायला आंब्याला खिळे मारू नयेत. चीर पडलेली, जखमी साल भिरुडाच्या मादीला आयती मिळते.

ज्यांची काजूची झाडे आहेत त्यांनी जास्त घाई करावी. काजूला याच कुळातला दुसरा भुंगा लागतो. कोकणात त्या किडीला रोठा म्हणतात. तो बुंध्याच्या तळाशी आणि मुळांत शिरतो, डिंक आणि भुसा मिसळून बाहेर येतो. पाने पिवळी दिसली तोवर वेळ गेलेली असते. मेलेले काजूचे झाड उभे ठेवले तर त्यातून भुंगे निघून शेजारच्या झाडांवर जातात. मुळासकट काढून जाळणे हाच त्यावर उपाय. दहा-पंधरा वर्षांच्या पुढची झाडे पावसाळ्यानंतर वाकून, तळापर्यंत पाहावीत. वाकायला कंटाळा करू नये.

जाता जाता त्या भुंग्यांची एक बाजूही सांगतो, नाहीतर दिसेल त्या मिशीवाल्याला चपलेने माराल. या कुळातले बहुतेक भुंगे मेलेल्या, पडलेल्या लाकडावर जगतात. रानातले सडके ओंडके पोखरून त्यांची माती करण्याचे काम ते करतात. ते नसते तर रानात पाय ठेवायला जागा उरली नसती. जिवंत झाडाला धरणारे थोडे, पण त्या थोड्यांनी कुळाचे नाव घालवले.

आता ताईंच्या झाडाचे. दोन वर्षे फांद्या वाळत आहेत, म्हणजे दुखणे जुने आहे. बुंध्याभोवतीची साल निम्म्याहून जास्त पोखरली असेल, तर झाड वाचण्याची आशा कमी. ते तुमच्यापासून लपवत नाही. पण एक फांदी जरी हिरवी आणि निरोगी असली तरी सासऱ्यांचे कलम संपलेले नाही. पावसाच्या तोंडावर आंब्याच्या बाठा रुजत घालाव्यात. बाठा रुजून दहा-पंधरा दिवसांचे तांबूस कोवळे रोप झाले की त्यावर त्या जिवंत फांदीची तीन-चार महिन्यांची काडी बांधतात. याला कोय कलम म्हणतात, कोकणात हे काम जून ते ऑगस्टमध्ये चालते. काडी ज्या झाडाची, फळ त्याच झाडाचे. मूळ झाड गेले तरी तोच हापूस राहतो, सासऱ्यांनी लावलेला. वीस बाठा घाला, दहा तरी लागतील असे धरा.

काडी निवडायला आणि बांधायला मात्र सरावाचा हात लागतो. तालुक्याच्या रोपवाटिकेत विचारता येईल. किंवा तुमच्याच पत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिले आहे, चुलत दीर दर पावसाळ्यात बागायतदाराकडे कलमे बांधायला जातात म्हणून.